बिनचेहऱ्याची अन्नपूर्णा

आपल्याकडे कोणत्याही गावात पाऊल टाकले की वेशीवरचा मारुती, नदीकाठचा महादेव किंवा टेकडीवरची भवानी यांपैकी कोणीतरी त्या गावाची ओळख परस्पर करून देते, आणि ही सवय मनाला इतकी जडलेली असते की परमुलखात गेलेला माणूसही नकळत तिथल्या ग्रामदैवताचा शोध घेऊ लागतो. शिकागोत मला हा शोध फार वेळ घ्यावा लागला नाही. दोन्ही बाजूंच्या पेढ्यांच्या उत्तुंग भिंतींमुळे एखाद्या घळईसारखा अरुंद भासणारा लासाल स्ट्रीट दक्षिणेकडे जाता जाता चुनखडी दगडाच्या एका प्रचंड इमारतीपाशी एकाएकी संपतो, आणि त्या इमारतीच्या शिखरावर एका हातात गव्हाची पेंडी व दुसऱ्या हातात मक्याची थैली घेतलेली सीरीझ, म्हणजे प्राचीन रोमनांची धान्यदेवता, सुमारे ३१ फूट उंचीच्या ॲल्युमिनियमच्या देहाने उभी असलेली दिसते. ही शिकागोच्या धान्यबाजाराची, ‘बोर्ड ऑफ ट्रेड’ची, १९३० साली पुरी झालेली इमारत. तीस-पस्तीस वर्षे तिच्याहून उंच असे शहरात दुसरे काही नव्हते, आणि एवढ्या उंचीवर देवीचे मुख न्याहाळायला येणार कोण, अशा विचाराने शिल्पकार जॉन स्टॉर्स याने तिला नाक, डोळे, ओठ दिलेच नाहीत, असे सांगतात. पुढे भोवताली तिच्याहून उंच इमारती उठल्या, आणि आता त्यांच्या वरच्या मजल्यांवरचे कारकून मान वर करून खिडकीबाहेर पाहतात तेव्हा त्यांना समोर ह्या अन्नपूर्णेचा कोरा चेहरा दिसतो.

तो कोरेपणा मला केवळ शिल्पकाराच्या सोयीचा वाटला नाही. ह्या शहराने पावणेदोनशे वर्षे जो एक उद्योग अखंड आणि असामान्य बुद्धीने चालवला, तो मुळी वस्तूचा चेहरा पुसून तिचा कागद करण्याचा. जमीन असो, धान्य असो, जनावर असो वा माणसाचे घर असो, शिकागोच्या हाती ते लागले की त्याचा दस्तऐवज होतो, तो दस्तऐवज हातोहात फिरू लागतो, आणि मूळ वस्तू कुठेतरी मागे राहते.

आरंभही कागदानेच झाला. मिशिगन सरोवराच्या नैर्ऋत्य काठावरची ही दलदल होती पोटावाटोमी लोकांच्या मुलखात. तिथे नदीच्या मुखाशी पहिले कायमचे ठाणे वसवणारा गृहस्थ झाँ बाप्तिस्त प्वाँ द्यु साब्ल हा कृष्णवर्णी व्यापारी, ही गोष्ट गोऱ्या शहराने पुष्कळ काळ सोयीस्करपणे विसरून पाहिली. १८३३ च्या सप्टेंबरात पोटावाटोमी आणि त्यांच्या भाऊबंद जमातींशी तहनामा झाला, त्यांच्या मुखियांनी आपापल्या निशाण्या केल्या आणि सुमारे पन्नास लाख एकर जमीन अमेरिकन सरकारच्या नावे रुजू झाली. त्याच वर्षी तीन-साडेतीनशे वस्तीच्या ह्या खेड्याला गावाचा दर्जा मिळाला. ज्यांनी निशाण्या केल्या त्यांना काही वर्षांतच मिसिसिपीपलीकडे जावे लागले. आणि ज्यांनी जमिनीचे तुकडे पाडून नकाशे छापले त्यांनी, जिथे गुडघाभर चिखलाखेरीज काही नव्हते अशा कोपऱ्यांवरचे भूखंड, न पाहताच न्यूयॉर्कला बसून एकमेकांना विकले.

तरी नुसत्या नकाशांवर शहर उभे राहत नाही. १८४८ हे साल शिकागोच्या पत्रिकेत सर्व ग्रह एका घरात आल्यासारखे आहे. सरोवराला इलिनॉय नदीशी आणि पर्यायाने मिसिसिपीशी जोडणारा ९६ मैलांचा कालवा त्याच वर्षी खुला झाला, पहिली आगगाडी त्याच वर्षी धावली, तारायंत्र आले, आणि धान्यबाजाराची स्थापनाही तेव्हाचीच. प्रारंभी त्या बाजाराकडे कोणी फिरकत नसे, म्हणून सभासदांना ओढून आणण्यासाठी चीज, बिस्किटे आणि बिअर फुकट ठेवावी लागे, ही कथा मला फार आवडते, कारण जगाच्या भाकरीचा भाव ठरवणारी संस्था फराळाच्या आमिषावर वाढली, ह्यात एक प्रकारचे औचित्य आहे.

खरी क्रांती मात्र त्या बाजारात नव्हे, कोठारात झाली. आगगाडी येण्यापूर्वी प्रेअरीवरच्या शेतकऱ्याचा गहू पोत्यांत भरून निघे. ते पोते सेंट लुईसच्या धक्क्यावर हमालाच्या पाठीवरून उतरले काय किंवा न्यू ऑर्लिन्सच्या जहाजात चढले काय, गिऱ्हाईक मिळेपर्यंत त्यातला गहू त्याचाच राही, आणि वाटेत भिजला तर नुकसानही त्याचेच होई. शिकागोने ते पोतेच काढून टाकले. वाफेच्या यंत्रावर फिरणाऱ्या पट्ट्याला बसवलेल्या बादल्यांनी सुटे धान्य गाडीच्या डब्यातून उचलावे, चार-पाच मजले वर न्यावे, तोलावे आणि खालच्या खोल कोठ्यांत सोडून द्यावे, अशी ‘एलिव्हेटर’ नावाची लाकडी कोठारे नदीकाठी उभी राहिली. धान्य असे पाण्यासारखे वाहू लागले की त्याला मालकाचे नाव चिकटून राहत नाही. १८५० च्या दशकात बाजाराने गव्हाच्या प्रती ठरवल्या. एका प्रतीचा सगळा गहू, तो कोणाच्याही रानातला असो, एकाच कोठीत पडू लागला, आणि शेतकऱ्याच्या किंवा आडत्याच्या हाती राहिली फक्त पावती. ती दाखवील त्याला तितक्याच वजनाचा आणि त्याच प्रतीचा गहू मिळे; तोच गहू मिळे असे मात्र नाही. एकदा पावतीच गहू झाली म्हटल्यावर ती विकायला कोठाराचे दार उघडण्याचीही गरज उरली नाही, आणि पुढची पायरी तर उघडच होती: जो गहू अजून उगवलाच नाही त्याचीही पावती का नसावी? १८५१ च्या मार्चात ३,००० बुशेल मक्याचा, जूनमध्ये माल देण्याच्या बोलीने एक सौदा झाला. १८६५ मध्ये अशा वायद्यांचे रीतसर नियम झाले.

ह्याला केवळ सट्टा म्हणून नाक मुरडणे अन्यायाचे होईल. पेरणीच्या वेळीच आपल्या पिकाचा भाव बांधून घेता येणे ही शेतकऱ्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. खळ्यावर माल आला की भाव पडतात आणि माल व्यापाऱ्याच्या वखारीत गेला की चढतात, हे दुखणे ज्याने घरात पाहिले आहे त्याला तरी ते सांगायला नको. पण पावती आणि धान्य यांची एकदा फारकत झाली की त्या दोहोंच्या मधल्या जागेत लबाडीला ऐसपैस बिऱ्हाड करता येते. १८७० च्या सुमारास मन आणि स्कॉट या भागीदार व्यापाऱ्यांच्या कोठारांत काही कोठ्यांना वरच्या बाजूला खोटे तळ ठोकलेले होते. तपासनीस वरून डोकावला की कोठी गव्हाने भरलेली दिसे, आणि खाली सगळा अंधार. त्याच मनने कोठाराच्या दरांवर सरकारी नियंत्रण नको म्हणून चालवलेला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १८७७ मध्ये न्यायालयाने असा निवाडा दिला की जो धंदा सर्वांच्या गरजेच्या वाटेवर बसला आहे त्यावर राज्याला कायदा करता येतो.

बाजाराच्या त्या सुप्रसिद्ध आरडाओरड्याचा, रंगीत जाकिटे घालून हातांच्या खुणांनी लाखोंचे व्यवहार करणाऱ्या त्या दलालांचा तमाशा पाहावा म्हणून मी भाच्याला घेऊन गेलो, तर तो हसू लागला. “मामा, आता ओरडतंय कोण? धान्याच्या वायद्यांचं ओरडणं २०१५ मध्येच बंद झालं. आता सगळं यंत्रावर, तेही इथे नाही, अरोराला.” अरोरा म्हणजे शहराबाहेर चाळीसएक मैलांवरचे उपनगर, तिथल्या खिडक्या नसलेल्या एका इमारतीत सोयाबीनचे आणि डुकराच्या मांसाचे सौदे पापणी लवण्याच्या आत होतात. पावतीनेही शेवटी देह टाकला म्हणायचा.

कांद्याची हकिगत मात्र नाशिक-लासलगावच्या माणसाने मुद्दाम ऐकावी अशी आहे. १९५५ साली शिकागोच्या दुसऱ्या एका बाजारात, मर्कंटाइल एक्स्चेंजमध्ये, कांद्याचे वायदे जोरात चालत. व्हिन्सेंट कोसुगा नावाचा न्यूयॉर्ककडचा कांदा-बागाईतदार आणि सॅम सीगल नावाचा व्यापारी यांनी मिळून शहरातला जवळजवळ सगळा कांदा आपल्या वखारींत ओढला. मग तो एकदम बाजारात लोटण्याची भीती घालून त्यातला काही भाग उत्पादकांच्याच गळ्यात मारला. आणि इतके करून आपण स्वतः गुपचूप मंदीवाले झाले. वखारीत जुना झालेला माल बाहेरगावी पाठवून, निवडून, पुन्हा भरून ते परत आणत, म्हणजे नवी आवक चालूच आहे असे बाजाराला वाटे. ऑगस्टात पावणेतीन डॉलरला जाणारी पन्नास पौंडांची गोणी पुढच्या मार्चात दहा सेंटला आली. आतल्या कांद्यापेक्षा बारदान महाग झाले, आणि शेतकऱ्यांनी कांदा फेकून दिला. गाऱ्हाणी वॉशिंग्टनला पोचली, मिशिगनचे तरुण प्रतिनिधी जेराल्ड फोर्ड, जे पुढे अध्यक्ष झाले, त्यांनी विधेयक लावून धरले, आणि १९५८ मध्ये कांद्याच्या वायद्यांना कायद्याने बंदी आली. ती आजही उठलेली नाही. पुढे २०१० मध्ये तिला एक सोबतीण मिळाली, चित्रपटाच्या तिकीटविक्रीच्या गल्ल्यावरील वायद्यांवरची बंदी. इतक्या जिनसांचा जुगार पचवणाऱ्या देशाने जे दोन व्यवहार अखेर हाताबाहेरचे मानले ते कांदा आणि सिनेमा, हे वाचून मराठी माणसाला आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

जे धान्याचे, तेच भूमीचे. दलदलीत गटारांना उतार मिळेना आणि पटकी-विषमज्वराने माणसे मरू लागली, तेव्हा एलिस चेसब्रो या अभियंत्याने गटारे जमिनीवरच बांधून भोवतालचे रस्ते भर घालून उंच करण्याची योजना आखली; मग रस्त्याखाली गेलेल्या इमारतीही उचलणे आले. १८६० च्या एप्रिलात लेक स्ट्रीटवरची दुकानांची सबंध रांग ६०० माणसांनी ६,००० जॅक थोडेथोडे फिरवून पाच दिवसांत पावणेपाच फुटांच्या आसपास वर उचलली, आणि त्या काळात दुकाने चालू होती. एवढ्यानेही भागले नाही. शहराची घाण नदीवाटे सरोवरात जाई आणि सरोवराचेच पाणी शहर पिई, म्हणून २८ मैलांचा नवा कालवा खोदून नदीच उलटी वाहवण्यात आली. मिझुरी राज्य न्यायालयातून मनाईहुकूम आणील ह्या धास्तीने २ जानेवारी १९०० च्या सकाळी फारसा गाजावाजा न करता बांध फोडण्यात आला. आता शिकागोची घाण सेंट लुईसकडे जाऊ लागली. दावा झाला, आणि १९०६ मध्ये मिझुरी हरले. अभियांत्रिकीचा हा पराक्रम निःसंशय आहे. पण ज्याला आपण प्रगती म्हणतो ती पुष्कळदा आपले सांडपाणी दुसऱ्याच्या दिशेने वळवण्याची कला असते की काय, हा प्रश्न मला त्या हिरवट पाण्यावरून पर्यटकांना इमारतींची माहिती देत फिरणाऱ्या बोटीत बसल्यावरही सोडीना.

१८७१ च्या ऑक्टोबरातल्या अग्निप्रलयाबद्दल सर्वांनी लिहिले आहे, म्हणून इतकेच सांगतो की तीनशेच्या सुमारास माणसे मेली, लाखभर बेघर झाली, आणि दोष आला एका आयरिश बाईच्या गाईवर, जिने म्हणे कंदील लाथाडला. ही कथा बातमीदारांची, आणि गाय व बाई या दोघींना निर्दोष ठरवणारा ठराव नगरसभेने १९९७ मध्ये केला. जळालेल्या जागेवर पुढे गगनचुंबी इमारतींचे शास्त्र जन्माला आले. भिंतींऐवजी लोखंडी सांगाड्यावर भार घेणारी विल्यम जेनी यांची दहा मजली इमारत १८८५ मधली, आता पाडलेली. आणि ह्या परंपरेचा कळस गाठला ढाक्यात जन्मलेल्या फजलुर रहमान खान यांनी, ज्यांनी नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधल्याप्रमाणे रचना करून ११० मजल्यांचा, १,४५० फुटांचा सीअर्स टॉवर उभा केला. पाव शतक तो जगात सर्वांत उंच होता. विकल्या गेलेल्या नावांच्या हल्लीच्या रिवाजाप्रमाणे आता त्याचे नाव निराळे आहे.

युनियन स्टॉकयार्ड्स हे कत्तलखान्यांचे विस्तीर्ण आवार १८६५ च्या नाताळात उघडले आणि १९७१ मध्ये बंद झाले. आज त्याची एक दगडी कमान तेवढी उरली आहे. तिथे डुक्कर साखळीला टांगलेले पुढे सरके आणि प्रत्येक कामगार एकच काप घेई. जनावराचा तुकड्यातुकड्यांनी जिन्नस होई आणि कामगाराचा एक हात. अप्टन सिंक्लेअर यांनी त्या कामगारांसाठी १९०६ मध्ये कादंबरी लिहिली, पण वाचकांना कळवळा आला तो आपल्या ताटातल्या मांसाचा, आणि कायदा झाला तो अन्नशुद्धीचा. ह्याच शहरात १ मे १८८६ रोजी आठ तासांच्या दिवसासाठी संप झाला, ४ मे रोजी हेमार्केटच्या सभेत बाँब पडला, आणि तो कोणी टाकला हे सिद्ध न होताच चौघांना पुढच्या वर्षी फाशी झाली. त्या संपाच्या स्मरणार्थ जगाने १ मे हा कामगारदिन मानला. महाराष्ट्र राज्यही त्याच तारखेला जन्मले आणि आपल्याकडे दोन्ही दिवस एकाच सुट्टीत साजरे होतात. अमेरिकेने मात्र आपला कामगारदिन सप्टेंबरात ठेवला आहे, आणि शिकागोत १ मे रोजी कचेऱ्या बिनदिक्कत चालतात.

कागदाची सर्वांत क्रूर करामत मी नॉर्थ लॉनडेल नावाच्या पश्चिमेकडील वस्तीत पाहिली, म्हणजे तिच्या ओसाड भूखंडांत पाहिली. दक्षिणेतल्या जुलमाला कंटाळून आलेल्या काळ्या कुटुंबांना पेढ्या घरासाठी कर्ज देत नसत, कारण सरकारच त्या वस्त्यांतल्या कर्जांना विमा नाकारी. तेव्हा दलाल त्यांना दामदुपटीने ‘करारावर’ घरे विकत, ज्यात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी विकणाऱ्याचीच राही, आणि एक हप्ता चुकला की घर आणि भरलेले सगळे पैसे दोन्ही जात. १९६६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग ह्याच वस्तीत भाड्याच्या घरात येऊन राहिले. १९६८ मध्ये करारवाल्या कुटुंबांनी संघटना करून हप्ते अडवले आणि शेकडो करार बदलून घेतले. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतातून आलेल्या मडी वॉटर्स या गायकाने आपल्या गिटारीला विजेची तार जोडली तीही अशाच वस्त्यांच्या गोंगाटात ऐकू जावे म्हणून. ह्या शहरात चेहरा न पुसलेले जे काही मला भेटले त्यात ते संगीत पहिले.

कागदाने मात्र एकदा ह्या शहराचे अपरंपार कल्याणही केले आहे. १८३६ मध्ये कालव्याच्या अधिकाऱ्यांनी छापलेल्या नकाशावर सरोवरालगतच्या पट्टीवर कोणीतरी अशी टीप घातली की ही जागा सार्वजनिक असून कायम मोकळी राहावी, तीवर कसलीही इमारत उठू नये. अर्ध्या शतकाने, टपालाने माल विकून गबर झालेला माँटगोमेरी वॉर्ड हा व्यापारी त्या एका टिपेच्या आधारावर वीस वर्षे नगरपालिकेशी आणि सगळ्या प्रतिष्ठितांशी कज्जे खेळला आणि जिंकला. त्याला लोकांनी अडवणुक्या म्हटले. आज त्या मोकळ्या किनाऱ्यावर मैलोगणती चालत जावे, एका हाताला समुद्रासारखे निळे गोडे पाणी आणि दुसऱ्या हाताला सबंध शहर उभे, आणि मध्ये कोणाच्या बापाचे कुंपण नाही. आमच्या मुंबईच्या किनाऱ्याची अवस्था आठवून मला त्या वकिली कागदाचा हेवा वाटला. तिथेच, रेल्वेच्या यार्डावर छत घालून केलेल्या उद्यानात, मुंबईत जन्मलेल्या अनीश कपूर यांचे पोलादी शिल्प आहे. १६८ पत्रे जोडून केलेल्या त्या आरशात जो तो प्रथम आपला चेहरा शोधतो.

जवळच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या इमारतीत १८९३ ची सर्वधर्मपरिषद भरली होती. विवेकानंदांचे नाव तिथल्या रस्त्यालाही दिले आहे. पण त्याच परिषदेत मुंबईचे बी. बी. नागरकर हिंदुस्थानातील समाजसुधारणेवर बोलले, हे आपल्याकडेही कितीजणांना ठाऊक असेल?

शिकागो विद्यापीठाच्या रेगेनस्टाइन ग्रंथालयात मी गेलो तो मराठी पुस्तकांची कपाटे पाहायला, आणि ती पाहून चकित झालो. कोश, संतांच्या गाथा, विस्मृत कादंबरीकार, नियतकालिकांचे बांधलेले अंक. एका काव्यसंग्रहाच्या आतल्या पानावर पुण्याच्या प्रकाशकाचे नाव आणि किंमत साडेतीन रुपये. इथे ही आली कशी? पी. एल. ४८० ह्या १९५४ च्या कायद्याखाली अमेरिकेने आपला शिलकी गहू भारताला रुपयांत विकला. तो रेशनचा लाल गहू, ज्याच्या पोळ्यांना आमच्या आया बोटे मोडीत, पण ज्याच्यावर आम्ही वाढलो. ते रुपये भारताबाहेर चालेनात. मग १९६२ पासून त्यातल्या काही रुपयांतून भारतीय भाषांतली पुस्तके खरेदी करून अमेरिकेतल्या निवडक ग्रंथालयांना धाडू लागले, आणि शिकागो त्यांपैकी एक. आमच्या पोटात गेलेल्या गव्हाच्या पैशाने आमच्याच कवितेचा संग्रह इथे येऊन बसला होता, आणि तो, पानांवरून तरी, मजपूर्वी फारसा कोणी उघडलेला दिसला नाही.

“मामा, आवरा, मीटरची वेळ संपतेय,” भाचा म्हणाला, आणि जिना उतरता उतरता त्याने त्या मीटरचीही कुळकथा सांगितली. २००८ साली महापालिकेने रस्त्यांवरचे सगळे पार्किंग मीटर पंच्याहत्तर वर्षांच्या मुदतीने, १.१५ अब्ज डॉलर रोख घेऊन, खासगी कंपनीच्या हवाली केले. पैसा दोन-तीन वर्षांत बहुतेक खर्चून टाकला, सौदा फार स्वस्तात गेला असा अहवाल शहराच्याच महानिरीक्षकाने दिला, आणि कंपनीने घातलेली रक्कम पाव मुदतीच्या आत वसूल केली. आता मिरवणुकीसाठी रस्ता बंद केला तर नगरपालिकाच कंपनीला भरपाई देते, आणि हे २०८३ पर्यंत चालायचे आहे. मला तो कवितासंग्रह अजून चाळायचा होता. भाच्याने कुरकुरत का होईना, फोनवरून कंपनीला आणखी एका तासाचे पैसे भरले.